लटारीभाऊच्या सिनेमात कोणी मरत नसे

आठ वर्षांत लटारीभाऊच्या सिनेमात एकही माणूस मेला नाही. पडद्यावर भले दहा मरोत.

तेव्हा चांदा जिल्ह्यात माझा फिरता तंबू होता. मशीन, इंजिन, कनाती, सगळं मी स्वतः घासाघीस करून जमवलेलं. बापाकडून मला मिळाला तो फक्त बिब्ब्यासारखा स्वभाव. सिनेमे हिंदी आणि बघणारे झाडीपट्टीतले खेडूत, त्यात काही गोंड. म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावून सांगायला मी लटारीभाऊला ठेवलं. पोंभुर्ण्याकडच्या एका तलावकाठच्या गावचा हा मासेमार. उंच, हाडकुळा, डोक्याला लाल शेला, हातात पत्र्याचा भोंगा. त्याची सुरुवात ठरलेली असे, "बसा जी सारे. घाबरू नोका, मी आहो नं."

हीरो मुंबईला निघाला की हा सांगे, "बल्लारपूरले चालला, कागदाच्या कारखान्यात." खलनायक दिसला की तो सिरोंच्याचा ठेकेदार. गाणं लागलं की, "हे दोघं आता गाऊन राह्यले. यात काही होत नाई. ज्याले बिडी ओढाची आहे त्यानं बाहीर जाऊन ओढून या."

पण मरण आलं की याची खरी कसरत. तलवार आरपार गेली तरी, "लागलं त्याले. वैद्याकडे नेऊन राह्यले." तिरडी निघाली तरी, "झोपला आहे, उठवू नोका." पुढच्या रिळात त्याची बायको पांढऱ्या लुगड्यात आली, तर म्हणाला, "बजारात तेच भेटलं तिले."

मी मशीनजवळून ओरडलो, "अगा लटारी, मेला तो!"

त्याने भोंगा माझ्याकडे वळवला. "मालक, तुमी तुमचं इंजिन पाहा."

सगळा तंबू हसला. मी त्याला तीनदा कामावरून काढलं. तिन्ही वेळा पुढच्या गावचे लोक दारात येऊन विचारायचे, "लटारीभाऊ नाई? मंग आमी दंडार पाह्यतो," आणि गावच्या त्या नाचगाण्याच्या खेळाकडे वळायचे. तंबू माझा, घाम माझा आणि नाव त्याचं! मी दात खात त्याला शोधायला निघायचो, तर हा माझ्याच बंडीमागे बैलांना चारा टाकत उभा असायचा. "मले वाटलंच होतं मालक."

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. एका वर्षी त्या हंगामासाठी मी अमरावतीच्या एका एजंटाकडे तलवारबाजीचा सिनेमा ठरवला होता. हातावर हात मारून ठरवला होता! त्याने पाठवला रडका. एका बाईचं लेकरू जातं, तिचं डोकं फिरतं आणि शेवटच्या रिळात नवरा तिला वेड्यांच्या इस्पितळात सोडून येतो. दार बंद, सिनेमा संपला. त्या एजंटाला मी अजून माफ केलेलं नाही.

लटारीभाऊने त्यातूनही वाट काढली. लेकरू "मामाच्या गावाले" गेलं आणि बाई "थकली, आराम कराले" गेली. चार गावं निभावली. पाचवी मंडई त्याच्याच गावची होती.

दुपारी कनाती ठोकत असताना तो जवळ आला. आठ वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मालक, आखरी रीळ नोका लावू जी."

"काऊन? लोक अख्खा सिनेमा पाहाले येतेत."

"बैलं मी धुतो. साल्भर धुतो."

"बैलं तू आताही धुतोस."

"मंग बंडी मी ओढतो."

मी भडकलो. "कारण सांग, नाही तर जा!"

तो खुंटीकडे बघत म्हणाला, "माही बायको येनार आहे पाहाले. आमचा पोरगा या तलावात बुडाला. सात वर्साचा होता. तवापासून ते बोलत नाई. गाव तिले येडी म्हन्ते."

बाजारात माणूस समोर आला की तो किती पाण्यात आहे ते मी ओळखतो, असा माझा लौकिक. आणि या माणसाला मुलगा होता, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "रीळ लागेल," मी म्हणालो.

दिवस बुडाल्यावर तंबू भरला. बायकांची जागा दोराच्या पलीकडे. तो दोर मी कडक राखायचो; पुरुषाने ओलांडला की सरळ बाहेर. लटारीभाऊची बायको पार्बताबाई अगदी दोरालगत बसली होती, पदर दातात धरून.

शेवटचं रीळ लागलं. इस्पितळाचं दार बंद झालं. लटारीभाऊने भोंगा तोंडाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिला.

मागून एक जण ओरडला, "बोल नं गा लटारीभाऊ! येडी झाली नं ते?"

फिल्म संपली. पडदा पांढरा झाला. लोक उठू लागले आणि तेवढ्यात दोरालगतून आवाज आला, गंज चढलेल्या कडीसारखा.

"मंग काय झालं जी?"

उठलेली माणसं होती तिथेच खाली बसली. तो आवाज गावाने कैक वर्षांत ऐकला नव्हता.

मी इंजिनवर ठेवलेला हात काढून घेतला. तेलाच्या थेंबाथेंबासाठी भांडणारा मी. पण दिवा तसाच जळू दिला.

लटारीभाऊने भोंगा खाली ठेवला. कोऱ्या पडद्याकडे पाहत म्हणाला, "मंग तिचा घरवाला माघारी आला. त्यानं दार उघडलं. म्हन्ला, पोरगा मामाच्या गावाले नाई गेला वं. मेला आपला पोरगा. म्हन्ला, चाल घरी. घाबरू नोको, मी आहो नं."

माझ्या तंबूत लटारीभाऊच्या तोंडून मेलेला तो एकच माणूस.

मग तो चालत दोरापर्यंत गेला आणि माझ्याकडे बघून थांबला. नियम त्याला पाठ होता.

मी गेलो आणि दोर उचलून धरला.