धुरींचं गरम पाणी

"मगे, आज आंघोळ कशी झाली?"

सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरलेल्या बाईमाणसाला हा प्रश्न कोणी विचारतं का? आमचे दिगंबर धुरी विचारतात. आणि नुसतं विचारून पुढे जात नाहीत, उत्तरासाठी थांबतात. "बरी झाली" म्हटलं की लगेच, "बरी म्हणजे? कढत, कोमट, की नुसतीच उरकली?" दुसऱ्या मजल्यावर नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे विचारलं. बिचारी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे दुसरं कोणी तयार होईना म्हणून मी. तिला म्हटलं, "अगं, मनावर घेऊ नकोस. तसे नाहीत ते. सोलरवाले आहेत."

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. धुरी तळमजल्यावर एकटे राहतात. मरोळच्या एका कारखान्यात बॉयलरवर त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे सांभाळतात. धुरींनी सूर्य सांभाळायला घेतला. गच्चीवर उन्हात पाणी तापवणारे सोलर बंब एक छोटी कंपनी बनवते, ते लोकांच्या गळ्यात मारण्याचं काम त्यांनी पत्करलं. कंपनीने त्यांना 'प्रचारप्रमुख' असं कार्डही छापून दिलंय. त्यांच्या हाताखाली कोणीही नाही.

सूर्याला ते 'साहेब' म्हणतात. कडक ऊन पडलं की, "आज साहेब एकदम फॉर्मात." ढग आले की, "साहेब हाफ डे टाकून गेले." मला एकदा जुलै महिन्यात खवचटपणा करायची लहर आली. म्हटलं, "काय धुरी, तुमचे साहेब तर महिनाभर रजेवर!" तर म्हणतात, "रजेवर असले तरी घरून थोडं थोडं काम करतात, वहिनी. पाणी कोमट होतंच." आता या माणसाशी वाद घालून तुम्ही जिंकून दाखवा.

खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास. थर्मासमध्ये चहा नाही, पाणी. गव्हाणपाड्यातल्या एका बिल्डिंगवर त्यांनी बसवलेला बंब आहे, तिथून रोज सकाळी भरून आणतात. मग समोर येईल त्याला, "हात पुढे करा." माणूस तीर्थ असेल या समजुतीने ओंजळ पुढे करतो. त्यावर हे पाणी ओततात आणि विचारतात, "काय लागलं हाताला? कालचं ऊन लागलं!" भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातावर त्यांनी कालचं ऊन ओतलेलं आहे. एक आजोबा तर ते पिऊन, डोळ्यांना लावून, "कुठल्या देवस्थानचं?" म्हणून विचारत होते.

प्रचाराचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. हँडबिलं ते रस्त्यावर वाटत नाहीत. केशकर्तनालयात आरशाच्या बाजूला चिकटवतात. "तिथे माणसाची मान न्हाव्याच्या हातात असते हो. वाचल्याशिवाय जाईल कुठे?" घोषणा स्वतःच रचतात. 'सूर्य उगवला, गिझर विझवला.' 'ऊन वाया, बिल भराया.' दुसरी घोषणा ऐकून मी हात जोडले, तर त्यांना वाटलं मी भारावले.

आणि हा सगळा प्रचार भर मे महिन्यात! मुंबईच्या मे महिन्यात, जिथे नळाचं पाणीच अंगाला चटके देतं, तिथे हा गृहस्थ घामाने निथळत, "गरम पाणी हवं का?" म्हणून दारोदार फिरतो. लोकांनी दारं आपटली, एकाने तर डोक्यावर बर्फ ठेवा असा सल्ला दिला. धुरींचं उत्तर तयार. "थंडीत कोण विकत नाही? मे महिन्यात नाही म्हणेल, तेव्हा कुठे डिसेंबरात हो म्हणेल. माणूस पण पाण्यासारखाच तापतो, वहिनी. सावकाश."

लग्नाला गेले की स्टेजवर नवरदेवाचा हात हातात घेऊन कानात विचारतात, "घरात गॅस गिझर की विजेचा?" फोटोत नवरदेवाचा चेहरा कायमचा गोंधळलेला. एका वर्षी सोसायटीच्या गणपतीची सजावट आम्ही चुकून त्यांच्यावर सोपवली. संध्याकाळी येऊन बघतो तर काय, बाप्पाच्या मागे पुठ्ठ्याचा हसरा सूर्य, आणि पायाशी पुठ्ठ्याचा गिझर, रडणारा. अश्रूंना निळा जिलेटिन कागद. लांबलांबून लोक बघायला आले. आमची वाट लागली, पण प्रसाद कमी पडला हेही खरं.

हसायचो आम्ही त्यांना. पण एक प्रश्न असा होता की तो आला की धुरी अडायचे. कुठल्याही सोसायटीत सगळं समजावून झालं, थर्मास रिकामा झाला की कोणीतरी सहज विचारायचं, "तुमच्या स्वतःच्या बिल्डिंगवर आहे का हो?" तिथे ते रिकामा थर्मास पिशवीत टाकून उठायचे. कारण आमच्या गच्चीवर डिश अँटेना, मोडका झोपाळा आणि कबुतरं यांच्याखेरीज काही नव्हतं. "आपल्याच घरच्यांना पटवता येत नाही, मग दुसऱ्याने का ऐकावं माझं?" असं एकदा ते मला जिन्यात म्हणाले. नेहमीचा आवाज नव्हता तो.

त्यांच्या आडवे यायचे ते आमचे चेअरमन, पहिल्या मजल्यावरचे शिर्केसाहेब. शिर्के वाईट नाहीत, पण कुठल्याही नव्या गोष्टीत खोट आधी शोधतात. आणि यात त्यांना खोट आयती सापडली होती. समोरच्या बिल्डिंगने मागे कधीतरी सोलर बसवलं होतं. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपात रात्रभर पाणी गार होऊन बसायचं. सकाळी खालच्या मजल्यावरच्यांनी नळ सोडला की आधी ते गार पाणी. बादलीभर ओतून दिल्याशिवाय गरम यायचंच नाही. त्यावरून खालचे वरचे भांडले, पाणी वाया जातं म्हणून नोटिसा लागल्या, आणि शेवटी बंब बंद पडला. आता त्या काचांवर उन्हाळ्यात पापड, कुरडया वाळतात. छान वाळतात म्हणे.

दरवर्षी जनरल बॉडीत धुरी उठायचे, शिर्के पापडांचा विषय काढायचे, आणि सगळे हसून सामोशांकडे वळायचे. यंदा मात्र धुरी बसायलाच तयार होईनात. "दिवाळीपर्यंत लावून बघा. कंपनी ट्रायलवर देते. नाही पटलं तर मी स्वतः काढून नेतो."

"आणि पाइपातलं गार पाणी?" शिर्के म्हणाले.

"एक छोटा पंप लावला की पाणी पाइपात फिरत राहतं, गार होतच नाही."

"म्हणजे परत वीज! विजेचं काहीही लागणार नाही. आणि ऐका, खालच्या मजल्यांवरून गार पाण्याची एक तक्रार आली, एक बादली वाया गेलेली दिसली, की उतरवायचं. पहिल्या आंघोळीच्या दिवशी सगळी बिल्डिंग एकदम आंघोळीला बसते. तो तुमचा पेपर. बोला, कबूल?"

मला वाटलं, संपलं. पंपाशिवाय ते कसं व्हायचं? धुरींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कबूल. पण मग फिटिंग माझ्या मनासारखं करायचं. पाइपाचं शेवटचं टोक माझ्या मोरीत उतरलं पाहिजे." तळमजल्यावर राहणारे तेच एकटे, बाकी खाली पार्किंग. कोणाची काय हरकत असणार?

बंब बसला. पहिल्या सकाळी शिर्के पहाटेच बादली लावून नळासमोर उभे राहिले, हे मला त्यांच्या मिसेसनीच सांगितलं. तक्रारीचा अर्जसुद्धा तोंडपाठ होता. नळ सोडला, एक तांब्याभर गार पाणी आलं न आलं, आणि लगेच वाफाळतं पाणी! शिर्केंनी हात भाजून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वरपासून खालपर्यंत एकाचीही तक्रार नाही. मी धुरींना विचारलं, "काय जादू केलीत हो? पंप तर नाही."

"प्रेशरचं गणित असतं, वहिनी," असं म्हणून ते थर्मास घेऊन सटकले. हल्ली त्यांना सर्दी फार होत होती. मी म्हटलं, वय झालं.

मग नरकचतुर्दशी उजाडली. उजाडली कसली, अंधारच होता. वरच्या मजल्यांवर दिवे लागत होते, उटण्याचा वास जिन्यात आला होता. आंघोळीआधी खाली कंपाउंडमध्ये पणत्या ठेवाव्यात म्हणून मी उतरले. धुरींच्या घराचं दार उघडं, आतून पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं, आज आपण विचारू, आंघोळ कशी झाली! दारातून डोकावले.

मोरीत दोन बादल्या, एक टब, एक पिंप, सगळी काठोकाठ भरलेली. धुरी पंचा गुंडाळून नळापाशी उकिडवे बसलेले. तांब्याने अंगावर पाणी घेत होते, आणि दर तांब्याला "राम राम राम" करत होते. दात वाजत होते माणसाचे. गरम पाण्याने आंघोळ करणारा माणूस असा राम राम करत नाही. मी सरळ आत गेले आणि बादलीत हात घातला. बर्फ!

"अहो धुरी! हे तर गार आहे!"

"हळू बोला हो, वर शिर्के उठले असतील."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइपाचं शेवटचं टोक त्यांच्या मोरीत. सगळी बिल्डिंग उठायच्या आधी हा माणूस उठायचा, आपला नळ सोडायचा, आणि रात्रभराचं गार पाणी सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचा. गरम पाणी टोकापर्यंत आलं की नळ बंद. म्हणून शिर्केंना गरम, आम्हाला गरम, सगळ्यांना गरम!

"आणि तुम्हाला? नळाशी गरम आलं की तुम्हीही घ्यायचं ना?"

"मी ओढलं तर वरच्यांना कमी पडेल. आणि हे गार पाणी ओतून कसं देऊ? बादलीभर वाया गेलं की शिर्के काढायला लावतील. मग वापरतो. अंगावर घेतो, कपडे धुतो, उरलेलं झाडांना." तांब्या बादलीत बुडवत म्हणाले, "माझं काय, एकट्याचं. गार काय नि गरम काय."

मला राग आला. खरंच सांगते, नुसता राग नाही, संताप. अख्ख्या मुलुंडला कढत पाण्याचं महत्त्व सांगत हिंडायचं, आणि आपण दिवाळीच्या पहाटे कुडकुडत बसायचं! डोक्याला तेल नाही, अंगाला उटणं नाही. बायको गेल्यापासून या घरात दिवाळीच झाली नव्हती, आणि आम्ही वर, त्यांच्यामुळे मिळालेल्या गरम पाण्यात, खुशाल. मी तडक वर आमच्या सासूबाईंकडे गेले. त्यांना सगळी बिल्डिंग काकी म्हणते, पंचाऐंशीच्या पुढच्या आहेत, तिसऱ्या मजल्यावरून सहसा खाली उतरत नाहीत. काय झालंय ते मी त्यांच्या कानात सांगितलं. कठडा धरून, एका हातात तेलाची वाटी घेऊन, त्या उतरल्या.

"दिगू, पाटावर बस," त्या म्हणाल्या. दोघांचंही गाव मालवणकडचं. "आणि तो नळ सोड. गरम पाणी घे."

"काकी, शिर्क्यांका पाणी कमी पडात..."

"पडांदे. बस म्हणतंय ना."

धुरी बसले. काकींनी तेल हातावर घेतलं आणि त्यांच्या टाळूवर थापलं, मग मानेला, मग पाठीला. उटणं मी कालवून दिलं. एवढा बडबड्या माणूस, पण लहान मुलासारखा मान खाली घालून बसला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी बादली भरायच्या निमित्ताने नळाकडे वळले. कढत पाणी, वाफा निघत होत्या. पहिल्यांदाच त्या मोरीत.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतून शिर्केंचा आवाज आला. आंघोळ करून आलेल्या माणसाचा मोकळा आवाज.

"धुरी! ओ धुरी! मानलं बुवा तुम्हाला! झकास पाणी! ते वरचं आता उतरवायचं नाही, कायमचं राहू द्या!"

इतक्या वर्षांत ज्या एका वाक्यासाठी या माणसाने जिवाचं रान केलं, ते वाक्य आलं होतं. मला वाटलं आता हे पंच्यावरच बाहेर धावणार, सगळ्या बिल्डिंगला हाका मारणार.

"धुरी, अहो ऐकलंत का? शिर्के काय म्हणतायत?"

त्यांनी ऐकलं होतं. डोळे मिटलेले होते, तेल कपाळावरून गालावर उतरलं होतं, की आणखी काही ते मला कळलं नाही. काकींनी पुन्हा टाळूवर ठेवलेला हात उटण्यासाठी उचलला, तर धुरींनी चटकन तो मनगटाशी धरला.

"काकी," ते म्हणाले, "इतक्यात हात काडू नको गे."