न शिंकणारं डावं इंजिन

एका जंगलात रस्ता नव्हता, पण उद्घाटनं फार होत. जंगलाच्या मधून एक खाडी वाहत होती. अलीकडच्या काठाला सगळ्यांची घरं आणि पलीकडच्या काठाला चांगली कंदमुळं. मधे पाणी. सगळे एका म्हाताऱ्या कासवाच्या पाठीवर बसून ये-जा करत. कासव हळू जाई, पण पोचवी.

मग राजाला, म्हणजे वाघाला, वाटलं की हे काही आपल्या जंगलाला शोभत नाही. कासवाला नारळ दिला आणि जेट बोट आणली.

जेट बोट म्हणजे काय ते ठाऊक आहे का? नसेलच. जेट बोटीला वल्हं नसतं, शीड नसतं. पाणी ओढून घ्यायचं आणि जोरात मागे फेकायचं, की बोट सुसाट पुढे. त्यासाठी बोटीच्या मागच्या टोकाला दोन हत्ती बसवले होते. डावीकडे दौलतराव, उजवीकडे बाबल. सोंडेने पाणी ओढायचं, सोंडेने फेकायचं. त्यांना हत्ती म्हणायची बंदी होती. इंजिन म्हणायचं.

आता कोपऱ्यात बसलेला तो मुलगा विचारणार, दोन हत्ती बसल्यावर बोट बुडत नाही का? बुडते. पण मग गोष्ट इथेच संपेल आणि तुम्हाला अभ्यासाला बसावं लागेल. चालेल? नाही ना. मग ऐका मुकाट्याने.

दोन इंजिनं कशाला, तर एक बंद पडलं तरी दुसरं आहेच. तसं बोटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंच होतं. मात्र एकट्या इंजिनावर बोट कुणी कधी चालवून बघितली नव्हती. तसं करणं म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून चालवण्याऐवजी दोन्ही इंजिनांना हार घालून घेतले.

बोटीचे कप्तान होते बगळेसाहेब. पांढराशुभ्र गणवेश, एका पायावर उभं राहायची सवय आणि आवाज खणखणीत. त्यांचे नियम दोनच. पहिला, सोंड सरळ. वाकडी सोंड गबाळी दिसते. दुसरा, शिंकायचं नाही. कुठे निघताना कुणी शिंकलं की काम बिघडतं, हे तुमच्या घरीसुद्धा मानत असतील. आणि बोट तर सारखीच कुठेतरी निघालेली असते. तेव्हा बोटीवर कायमचीच शिंकबंदी.

एके दिवशी सकाळी त्या बोटीत साळूबाई चढली. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटेवाली. तिची दोन पिल्लं नुकतीच जन्मली होती. काठावरच्या करवंदीच्या जाळीखाली तिचं बीळ होतं. त्या दिवशी संध्याकाळी उधाणाची भरती येणार होती आणि पाणी बिळात शिरणार हे तिला ठाऊक होतं. त्याआधी पिल्लं वरच्या दगडांत हलवायला हवी होती. पण पोटात अन्न नव्हतं, आणि बगळेसाहेब धक्क्यावर ओरडत होते, "गेलात आणि आलात! जेट बोट आहे!"

साळूबाईने विश्वास ठेवला. कंद उकरून ती दुपारीच परतीच्या फेरीला बोटीत येऊन बसली.

खाडीच्या मध्यावर एका वानराने वेफर्स खाल्ले आणि पिशवी पाण्यात टाकली. ती दौलतरावांनी ओढली आणि सोंडेत अडकून बसली. दौलतराव थांबले. बाबल चालूच होता. बोट डावीकडे वळली, वळतच राहिली आणि गोल गोल फिरू लागली. टेबल दोघांनी ढकलताना एकाने हात सोडला की कसं होतं? तसं.

"उजवं इंजिन, जोर लाव," बगळेसाहेब म्हणाले.

बाबलने जोर लावला. बोट जोरात गोल फिरली. दोन सशांना मळमळायला लागलं.

"या उजव्याचंच काहीतरी चुकतंय," बगळेसाहेब म्हणाले. "डाव्याकडून एक तरी चूक झाली का? सोंड बघा त्याची, कशी सरळ आहे."

साळूबाई म्हणाली, "दौलतराव, एक शिंक द्या ना. पिशवी निघून जाईल."

दौलतरावांनी मोठ्या कष्टाने नाकातून उत्तर दिलं. "बाई, शिंक आलेली आहे. दाबून धरली आहे. मी नियम मोडणारं इंजिन नाही."

बगळेसाहेबांचे डोळे भरून आले.

बोट फिरत राहिली. ऊन कलायला लागलं. भरतीचं पाणी खाडीत शिरायला लागलं. साळूबाईला पुढे बसवेना. ती मागे गेली आणि दोन हत्तींच्या मधे, बाबलच्या सोंडेपाशी उभी राहिली.

"साहेब, माझी पिल्लं बिळात आहेत हो. पाणी चढतंय. काहीतरी करा."

"बाई, सहकार्य करा. एवढं गोल फिरवायचे दुसरीकडे पैसे घेतात."

साळूबाईचे थोडे काटे उभे राहिले.

"आणि मी म्हणतो, इतकी लहान पिल्लं घरी टाकून फिरायला यायचंच कशाला?"

मुलांनो, हे वाक्य कुठल्याही आईला बोलू नका. साळूबाईला तर नाहीच नाही. तिच्या अंगावरचा एकूण एक काटा ताठ उभा राहिला. काटे टोचू नयेत म्हणून बाबलने सोंड उजवीकडे वाकवली. आणि काय झालं? पाणी तिरकं उडालं, बोटीचं ढुंगण सरकलं, आणि नाक घराच्या दिशेला येऊन तिथेच राहिलं. वेग कासवाचाच होता, पण बोट सरळ निघाली.

"बघितलंत?" बगळेसाहेब म्हणाले. "जरा समजावून सांगितलं की सगळं सुरळीत होतं." आणि ते गप्प बसले.

ते गप्प बसले तशी साळूबाई शांत झाली. काटे खाली आले. बाबलची सोंड नियमाप्रमाणे सरळ झाली. बोट पुन्हा डावीकडे वळली.

वेफर्सवाल्या वानराच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई चिडल्या की बोट सरळ, बाई शांत की बोट गोल. तो बगळेसाहेबांना म्हणाला, "साहेब, बोला ना अजून. तुमचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं."

असं त्यांना आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांनी पाय बदलला आणि सुरुवात केली. हल्लीच्या आयांना काही शिस्त नाही. आमच्या वेळी पिल्लं आपापली पोहायला शिकत. भरती काय, दररोजच येते, तिचा एवढा बाऊ कशाला. प्रत्येक वाक्याला साळूबाईचे काटे ताठ आणि बोट तीरासारखी सरळ. आता विचाराल, ते उडून मदत का नाही आणत? उडता येत होतं म्हणूनच तर त्यांना घाई नव्हती.

असं करत करत धक्का दिसायला लागला. आणि साळूबाईला करवंदीची जाळी दिसली. जाळीच्या मुळांना पाणी लागलं होतं.

तिचा सगळा राग एकदम विझला. काटे लुळे पडले. ती खाली बसली आणि रडायला लागली. बगळेसाहेब अजून बोलत होते, पण तिला काही ऐकूच येत नव्हतं. बोटीचं नाक हळूहळू डावीकडे, पुन्हा खाडीच्या दिशेला वळायला लागलं.

"सोंड सरळ ठेव," बगळेसाहेब बाबलला म्हणाले. "धक्क्यावर लोक बघतायत."

बाबलला आता काटे टोचत नव्हते. त्याने रडणाऱ्या साळूबाईकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि सोंड आपली आपण वाकवली.

"साहेब," तो म्हणाला, "आज ती वाकडीच राहील."

आणि त्या दमलेल्या हत्तीने बोट धक्क्याला न लावता सरळ जाळीखालच्या चिखलात नेऊन रुतवली. साळूबाईने उडी टाकली. बिळाच्या तोंडाशी पाणी आलंच होतं. ती आत गेली आणि एकेक करून दोन्ही पिल्लं तोंडात धरून बाहेर आली. ओली, थरथरती, पण जिवंत. इथे मला दरवेळी बरं वाटतं. तुम्हाला वाटलं नसेल तर तुम्ही दगड आहात.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. खुद्द वाघमहाराज आले. अवघड प्रसंगी केवळ वक्तृत्वाच्या बळावर बोट घरी आणल्याबद्दल बगळेसाहेबांना शाल मिळाली. संकटातही नियम न सोडल्याबद्दल दौलतरावांना भलामोठा झेंडूचा हार मिळाला. भर लोकांत सोंड वाकडी केली आणि बोट चिखलात घातली म्हणून बाबलला समज मिळाली. काटे ताठ करून सार्वजनिक वाहनात प्रवास करू नये, असं साळूबाईला बजावण्यात आलं.

झेंडूच्या पाकळ्या दौलतरावांच्या नाकात गेल्या. आता ते कुठेही निघालेले नव्हते, त्यामुळे नियम आड येत नव्हता. त्यांनी अशी शिंक दिली की वेफर्सची पिशवी थेट महाराजांच्या मिशीला जाऊन चिकटली.

महाराज म्हणाले, "वा. आपली इंजिनं आपोआप दुरुस्त होतात." टाळ्या झाल्या.

सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या बाबलपुढे साळूबाईने आपला एकुलता एक कंद ठेवला. आदल्या दिवशीच्या धावपळीत तेवढाच काय तो हाती राहिला होता. बाबलने त्यातला अर्धा खाल्ला आणि अर्धा पिल्लांपुढे सरकवला. मग साळूबाई पिल्लांना घेऊन निघाली आणि म्हाताऱ्या कासवाच्या दारात जाऊन उभी राहिली.

तात्पर्य : मुलांनो, मोठे झालात की डावं इंजिन व्हा. वेळेवर बंद पडा, नियम पाळा आणि शिंक सत्काराच्या दिवसापर्यंत दाबून धरा. घरी पोचवायला उजवीकडे कुणीतरी असतोच.