दानियलभाऊचं भरलेलं देऊळ

दानियलभाऊनं एका रविवारी माझ्या खराट्याला उपदेश केला. पुरा पाऊण घंटा. मी तिथं नव्हतो. बायकोनं घरी येऊन सांगितलं, "खराटा चुपचाप ऐकत होता. तुमच्यापेक्षा बरा."

मूल या तालुक्याच्या गावापासून चार कोसांवर आमचं गाव. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पलीकडे जंगल. गावात ख्रिस्ती घरं पंधरा, आणि त्या पंधरा घरांचं एक कौलारू गिरजाघर. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. दानियलभाऊ तिथला उपदेशक. उंच, वाळका, चष्म्याची एक दांडी सुतळीची, मागंपुढं कोणी नाही. तो आला तेव्हा देऊळ भरायचं. मग गावचा बाजार रविवारी भरू लागला, जवान माणसं कोळशाच्या खाणीवर गेली, आणि रोवणीच्या दिवसांत तर देवळात चिमण्याच उरल्या.

दुसरा कोणी असता तर नरकाची भीती घातली असती. दानियलभाऊनं वेगळंच काढलं. देवळातल्या चटईवर ज्याची त्याची जागा ठरलेली. हा रविवारी सकाळी हातात घंटी घेऊन घरोघरी फिरायचा. जो येत नाही, त्याच्या अंगणातली एक वस्तू उचलायची आणि त्याच्या जागेवर नेऊन बसवायची.

"जागा खाली ठेवाची नाई," तो म्हणे. "माणूस आला नाई म्हणजे गेला थोडाच?"

वस्तू परत पाहिजे तर मालकानं स्वतः देवळात यायचं, एक गीत म्हणायचं आणि घेऊन जायचं.

रूथबाई मोठी खट. तिनं एकदा साऱ्या हलक्या वस्तू घरात कोंडल्या आणि अंगणात नुसता पाटा ठेवला. "ने आता!" दानियलभाऊनं पाटा खांद्यावर घेतला. वाटेत तीनदा टेकवला, पण नेला. लुकसच्या दारी काही सापडलं नाही तर त्याची बकरी नेली. बकरीनं प्रार्थनेला चांगली साथ दिली आणि शेवटी फुलं खाऊन टाकली. दानियलभाऊ म्हणाला, "लुकसपेक्षा हिचं ध्यान बरं. तो तं झोपते."

आता माझं. मी देवळाचा पंच. त्या देवळाची पहिली वीट माझ्या बापानं ठेवलेली. एका रविवारी दानियलभाऊनं भर मंडळीत गीत थांबवलं आणि म्हणाला, "मारकूसभाऊ, जरा हळू. बाकीच्याहिचा आवाजही देवापर्यंत जाऊ द्या." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. मी हळू गात नाही, हळू बोलत नाही, आणि असलं दोनदा ऐकूनही घेत नाही.

तेव्हापासून माझ्या जागेवर माझा खराटा. मी आणायला गेलो नाही. बायकोनं तुराट्यांचा नवा बांधला, काही दिवसांनी तोही गेला. वर्षभरात माझे पाच खराटे देवळात जमा झाले. बायको म्हणाली, "तुमच्या रागापायी अंगण झाडाचं राह्यलं." मी म्हटलं, "राहू दे."

अशात चांद्याहून चिठ्ठी आली. मोठे पाळकसाहेब येणार, मंडळी किती उरली ते डोळ्यांनी पाहणार. माणसं नसतील तर देवळाला कुलूप, आणि उपदेशकानं आपली वाट धरायची. आणि रविवार कोणता नेमला? ऐन रोवणीतला! उपटलेलं पऱ्हं, धानाची कोवळी रोपं, साहेबासाठी थांबत नाही. कोणीच येणार नव्हतं.

शनिवारी मी वर्षभरानं त्याच्याशी तोंड उघडलं. "दानियलभाऊ, उद्या तो सारा कबाड हटवा. साहेब पागल म्हणतीन तुमाले."

"मंग काय सांगू त्याहिले? मंडळी नाई म्हणून?"

"खोटं हाये काय?"

"खोटंच हाये ना, मारकूसभाऊ. मंडळी हाये. बांधीत हाये."

अशा माणसाशी काय बोलायचं!

रविवारी मी देवळात जाणार नव्हतोच. पण बापाची वीट होती, म्हणून खिडकीबाहेर उभा राहिलो. साहेब सायकलवरून आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आत माझी बायको, दोन म्हाताऱ्या, आणि बाकी चटईवर विळे, टोपल्या, सुपं, पाटा.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मंडळी, साहेब," दानियलभाऊ म्हणाला आणि ओळख करून देऊ लागला. "हा विळा म्हणजे यशोदाबाई. चिखलानं पायाची बोटं सडली हायेत, तरी पहाटेच रोवणीले गेली. हे टोपलं म्हणजे लुकस. पोरगा खाणीवर गेला तवापासून घरी त्याले झोप नाई, म्हणून इथी झोपते. मी उठवत नाई. हा पाटा रूथबाईचा. तिले माझा राग हाये. राग हाये म्हणजे येईनच."

साहेब वाकून पाहू लागले. "आणि हे पाच खराटे?"

मी खिडकीला कान लावला.

"हे मारकूसभाऊ. यात चूक माझी हाये, साहेब. मी त्याहिले हळू गा म्हणलो. तवापासून आमचं गीत उभंच राहात नाई, मधला खांब काढल्यावानी. माफी मागाले पाच डाव त्याहिच्या अंगणात गेलो. त्याहिनं तोंड फिरवलं. मंग काय, खराटा घेऊन आलो."

मी हट्टी आहे, हे गाव सांगेल. पण गळा काही माझ्या हुकमात राहिला नाही. खिडकीबाहेरूनच मी गीत उचललं, तसाच आत गेलो, खराटे बाजूला सारले आणि माझ्या जागेवर बसलो. गायलो ते कौलं हलतील असा. दुसरी ओळ मी घेतली आणि तिसरी बाहेरून आली. देवळाला लागून असलेल्या बांधीत बाया वाकून रोवत होत्या, त्यांनी ती उचलली. मग पलीकडच्या बांधीनं, मग तलावाखालच्या. मधेच लुकसचा बेसूर आवाजही ओळखू आला. जागा होता.

साहेब दारात जाऊन गीत संपेपर्यंत उभे राहिले. वही त्यांनी उघडलीच नाही. "रोवणी होईपर्यंत उपासना बांधावर घ्या," म्हणाले. "कुलूप मी परत नेतो." बायको तर पदरात तोंड घालून रडली.

साहेब गेल्यावर मी देवळामागच्या दानियलभाऊच्या खोलीत गेलो. पत्र्याची पेटी भरलेली, बिछाना दोरीनं आवळलेला.

"कुठी जाणार होते?"

"तेच ठरलं नोहतं," तो म्हणाला आणि दोरी सोडू लागला. गाठ सुटेना. मी सोडली.

"चला, जेवाले."

अंगणापर्यंत आला आणि नेहमीच्या जागी थांबला. तेव्हा मला समजलं. पंधरा घरांची अंगणं ह्याला डोळे मिटून माहीत, पण आत ये, असं आम्ही कोणी त्याला कधी म्हटलंच नव्हतं.

"आत या ना, भाऊ," बायको म्हणाली.

चपला दोनदा झटकून तो आत आला, भिंतीला अंग चोरून बसला. भात आणि वाळल्या झिंग्यांचा रस्सा होता. मान खाली घालून जेवला. बायको पुन्हा भात वाढायला आली तसा म्हणाला, "बस, बस, बाई." तिनं वाढला. "बस," तो पुन्हा म्हणाला. पण ताटावर हात काही आडवा धरला नाही.