गोपनीय फाइलीच्या तीन साक्षांकित प्रती

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून कचरूअण्णांच्या हाती एकही गोपनीय कागद लागला नव्हता. त्यामुळे मंगळवारी सकाळी नऊ वाजता पौर्णिमा लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "अण्णा, ही फाइल कुणालाच दाखवायची नसती," तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

पौर्णिमा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत तिला सॉफ्टवेअरची नोकरी लागून तीन महिने होत आले होते. काम गेवराईतूनच, घरी बसून. पण हे तीन महिने तात्पुरते. आज दुपारी दोनच्या आत तिचं पहिलं स्वतंत्र काम कंपनीच्या कोडच्या कोठारात, म्हणजे रेपोत, जमा झालं तर ती कायम होणार होती. न झालं तर घरी बसणार होती. घरी ती आत्ताही बसलेलीच होती, पण ते बसणं वेगळं आणि हे बसणं वेगळं, हे सिंधुबाईंनी म्हणजे तिच्या आईने शेजारणींना अनेकदा समजावून सांगितलं होतं.

अडचण एवढीच होती की कंपनीने कालच नवा लॅपटॉप पाठवला होता आणि रेपो त्याला ओळखत नव्हतं.

"मग वळख करून दे की," कचरूअण्णा म्हणाले.

"तेच करायलेय. एसएसएच की म्हणतात याला, म्हंजे किल्ली. कमांड दिली की दोन फाइली तयार होतात. ही एका ओळीची पब्लिक, ही कंपनीला पाठवायची. आन् ही सात-आठ ओळींची प्रायव्हेट. ही हितंच राहणार."

"उघडून दाखव."

"त्यात वाचण्यासारखं काय न्हाई, अण्णा."

"कागद बघितल्याबिगर म्या आजवर कुठं ठेवला न्हाई."

पौर्णिमाने फाइल उघडली. वर-खाली आडव्या रेघा आणि मध्ये कशाचा कशाला मेळ नसलेली अक्षरं. कचरूअण्णा भारावले. एवढा अवघड मजकूर त्यांनी फक्त जुन्या भूसंपादनाच्या निवाड्यांत पाहिला होता.

"आन् ही हरवली तर?"

"मग मला आत जाता येणार न्हाई," एवढं बोलून पौर्णिमाने एका ओळीची फाइल तिच्या वरिष्ठ मोहिनी मॅडमना पाठवली आणि ती अंघोळीला गेली.

कचरूअण्णा लॅपटॉपसमोर एकटे उरले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. ज्या कागदाची एकच प्रत असते तो कागद गेल्यातच जमा. कधी वाळवीमुळे जातो, कधी साहेबांच्या बदलीमुळे. आणि इथे पोरीची अख्खी नोकरी एका प्रतीवर उभी होती. त्यांनी मोबाइल काढला, पडद्याचा स्वच्छ फोटो घेतला आणि अंगात सदरा चढवला.

तानाजीचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्सचं दुकान कचेरीसमोरच होतं. कचरूअण्णांनी फोटो त्याच्या मोबाइलवर टाकला.

"तीन प्रिंट काढ. आन् तू वाचू नको."

तानाजीने प्रिंट हातात धरून पाहिली. "वाचायला ह्याच्यात हाय काय, सायेब?"

"तेच म्हणतोय म्या. गोपनीय हाय."

नुसत्या झेरॉक्सला तसा काही अर्थ नसतो. म्हणून तिथून ते शाळेत गेले. मुख्याध्यापक शहादेव गुरुजींचा गोल शिक्का तालुक्यात वजनदार मानला जाई, कारण मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गुरुजी तो मारत नसत.

"मूळ प्रत?"

कचरूअण्णांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि पेनाच्या टोकाने एकेक अक्षर मूळ प्रतीशी ताडून पाहायला घेतलं. तीन प्रतींना पाऊण तास लागला. दुसऱ्या प्रतीत एका जागी त्यांना शंका आली, पण ती शाईचा ठिपका निघाली. शेवटी तिन्हींवर 'सत्यप्रत' असा शिक्का बसला, खाली सही झाली.

लॅमिनेशनसाठी ते पुन्हा दुकानात आले, तेव्हा तिथे अमरसिंह बसला होता. अमरसिंह म्हणजे वॉर्डाचा होऊ घातलेला नगरसेवक. गेली सात वर्षं तो होऊ घातलेला होता. लॅमिनेशनच्या मशीनमधून बाहेर येणारा शिक्क्याचा कागद त्याने पाहिला.

"काका, पौर्णिमाची ऑर्डर आली काय?"

"त्याबद्दल मला बोलता यायचं न्हाई," कचरूअण्णा म्हणाले.

"म्हंजे आली!"

"म्या काय बी बोललेलो न्हाई. तुमी हे बघितलं न्हाई, म्या तुमाला दावलं न्हाई."

"लई मोठी पोस्ट दिसायली की मग!" अमरसिंहाने त्यांना वाकून नमस्कार केला. कचरूअण्णांनी गंभीर चेहरा केला. गुपित राखताना तसा करावा लागतो. तो पाहून अमरसिंहाची उरलीसुरली शंकाही मिटली.

घरी येऊन त्यांनी एक प्रत कपाटात ठेवली, एक ज्वारीच्या कोठीत, आणि तिसरी सदऱ्याच्या आत. पौर्णिमाचा लॅपटॉप एव्हाना रेपोत शिरला होता आणि ती मान खाली घालून कामाला लागली होती. कचरूअण्णा बाजेवर पडले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कार्यालयीन झोप लागली.

साडेबाराला सिंधुबाई भाजी घेऊन धापा टाकत आल्या.

"आवं, उठा! चौकात आपल्या पोरीचा फोटू लागलाय! केवढा थोरला!"

"कावून?"

"मला काय म्हाईत! वरी अमरसिंग हात जोडून हुबा हाय, खाली पोरगी, आन् मधी गुरुजीचा शिक्का!"

पौर्णिमाची बोटं लॅपटॉपवर थांबली. "कसला शिक्का?"

चौक दोन मिनिटांवर होता, ती एका मिनिटात पोचली. दहा बाय आठचा फ्लेक्स होता. 'गेवराईची शान पौर्णिमाताई यांची उच्च पदावर नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि तिच्या फोटोशेजारी, प्रत्येक अक्षर हाताएवढं, तिची प्रायव्हेट की. एस.टी.ची वाट पाहणारे दोघं त्याच्यासमोर सेल्फी काढत होते.

मागून कचरूअण्णा आले. "लॅमिनेशनच्या येळी फोटू घेतलेला दिसतोय. लई बारीक अक्षर होतं. तानाजीनं चांगलं मोठं केलंय."

"अण्णा!" पौर्णिमा गर्रकन वळली. "हे तुमी कुणाला दिलं?"

"कुणाला न्हाई! फकस्त साक्षांकित केलतं. गुरुजीनं अक्षर न अक्षर तपासलंय. एक बी चूक न्हाई."

"तेच तर!" ती मटकन पारावर बसली. "अण्णा, बँकेत तुमच्या सहीचा नमुना ठेवलेला असतो का न्हाई?"

"असतो."

"ती एका ओळीची फाइल म्हंजे तो नमुना. कुणाजवळ बी असू द्या. आन् ही फाइल म्हंजे सही करणारा हात. तुमी माझ्या हाताच्या झेरॉक्स काढून चौकात टांगल्यात. आता कुणी बी बसून हे टाइप करील आन् माझ्या नावानं कंपनीत शिरंल."

कचरूअण्णांनी फ्लेक्सकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत साहेबाच्या सहीचा कोरा कागद त्यांनी एकदाही टेबलावर सोडला नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या आतली प्रत वरून घट्ट दाबून धरली. आणि फ्लेक्सवरचा अमरसिंह हात जोडून हसत होता.

घरी येऊन पौर्णिमाने मोहिनी मॅडमना फोन लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता.

"पौर्णिमा, फ्लेक्स म्हणजे... बॅनर?"

"हो मॅडम."

"आणि अटेस्टेड?"

"हो मॅडम."

"बरं. जुनी की मी आत्ताच काढून टाकली. आता तो फ्लेक्स काय, नुसती रांगोळी. तू नवी बनव आणि पब्लिक मला पाठव. पण दोनची वेळ मला वाढवता येणार नाही हं."

पौर्णिमाने नवी जोडी बनवली. कचरूअण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते, नजर पडायला नको म्हणून. एका ओळीची फाइल गेली, पण रेपो काही दार उघडेना. परवानगी नाही, परवानगी नाही, असंच उत्तर. पावणेदोन झाले. दोनला दहा कमी झाले.

"पौर्णिमा, आता वेळ नाही," मॅडमचा आवाज चढला. "तू असं कर. प्रायव्हेट पण मला पाठवून दे आणि तुझं काम मेल कर. मी इथून तुझ्या नावाने टाकते."

पौर्णिमाचा हात माउसकडे गेला. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"ती फाइल मिळणार न्हाई."

"कोण बोलतंय?"

"म्या पौर्णिमाचा बाप."

"काका, मी तिची वरिष्ठ आहे!"

"असताल. कलेक्टर असता तरी दिली नसती."

"अण्णा, गप बसा!" पौर्णिमा कळवळली. "नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे. हात द्यायचा न्हाई." कचरूअण्णा वळले आणि फोनसमोर ताठ उभे राहिले. "मॅडम, तुमाला पायजेच असंल तर लेखी आदेश द्या. प्रायव्हेट फाइल मागवण्यात येत आहे, म्हणून. खाली नाव, हुद्दा, तारीख. मग आमी विचार करू."

आपण काय लिहून देणार आहोत, हे मॅडमच्या डोळ्यांसमोर आलं असावं. सिंधुबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"पौर्णिमा," मॅडम एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "तू पाठवलेली ओळ मी परत बघते." मग खाली काहीतरी पुटपुटणं, टकटक. "अगं, मीच ती अर्धी चिकटवली होती. आता बघ."

रेपोने दार उघडलं. पौर्णिमाचं काम दोनला चार मिनिटं कमी असताना जमा झालं.

संध्याकाळी पाचला कंपनीकडून मेल आला. पौर्णिमाला कायम केलं होतं. खाली मॅडमनी स्वतःची एक ओळ जोडली होती, की येत्या शुक्रवारी कंपनीतल्या सगळ्यांना किल्ल्या सांभाळण्याविषयी अर्धा तास बोलायला काका ऑनलाइन येतील का.

सिंधुबाईंनी देवापुढं नव्हे, आधी लॅपटॉपपुढं साखर ठेवली. पौर्णिमा हसत, डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, ही खरी ऑर्डर. आता काढा फोटू. गुरुजीला दावा, तानाजीला दावा, अमरसिंगला दावा. ही सगळ्यांना दावायची!"

कचरूअण्णांनी मोबाइल खिशातून अर्धा काढला, थांबले आणि परत आत सारला.

"तसं आधी लेखी दे," ते म्हणाले.