करकोच्याला ताओ शिकवतात

बाळांनो, मावळतीकडच्या एका जंगलात एकदा ताओची साथ आली. पूर्वेचा जुना धर्म, पण इथे तो सर्दीसारखा सगळ्यांनाच झाला.

अस्वल मध काढायचं सोडून ‘मी प्रवाहाबरोबर वाहतोय’ म्हणत लोळू लागलं. माकडांनी काळं-पांढरं गोल चिन्ह पाठीवर गोंदवून घेतलं. कोल्हीणबाईंनी तर तळ्याकाठी मांडव घालून नाटकच लावलं. त्यात दाढीवाला म्हातारा गुरू हवेत उडून लाथा मारायचा, कोड्यात बोलायचा आणि सिंहाच्या पोराला सगळी विद्या देऊन दुसऱ्या अंकात मरायचा. जग वाचवायचं ते सिंहाचं पोरगं.

एके दिवशी पूर्वेच्या डोंगरातून एक म्हातारा करकोचा तिथे आला. त्याचा धाकटा भाऊ पोटासाठी या जंगलात आला होता आणि याच तळ्याकाठी वारला होता. त्याचे विधी राहिले होते.

“बाई, थोडी जागा द्या,” करकोचा म्हणाला. “धूप लावीन, घंटा वाजवीन, भावाला वाट दाखवीन आणि जाईन.”

“कसले विधी हे?”

“ताओचे.”

कोल्हीणबाईंना त्याची कीव आली. “आजोबा, ताओमध्ये विधी नसतात. देवही नसतात. नुसतं मन हलकं करायचं असतं.”

“पण माझे आजोबा पुजारी होते.”

“त्यांना कुणीतरी चुकीचं शिकवलं असणार. बरं, तुम्हाला उडता येतं?”

“करकोचा आहे मी.”

“लाथा मारत?”

“नाही.”

“दाढीही नाही. मग कसला तुमचा ताओ? निघा.”

करकोचा निघाला नाही. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्याने मांडवामागे धूप लावला. तेवढ्यात गुरूचं काम करणारा बोकड तिथे आला.

“माझं करडू थंडीत गेलं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सगळे मला सांगतात, प्रवाहाबरोबर वाहा. नाटकातलं ते वाक्य माझंच आहे. पण माझ्याच्यानं वाहवत नाही हो.”

“काय नाव त्याचं?”

“बेला.”

करकोच्याने घंटा वाजवली. आधी भावाचं नाव घेतलं, मग बेलाचं. बोकड हंबरडा फोडून रडला.

आवाज ऐकून सगळे धावत आले.

“गुरू रडतो?” कोल्हीणबाई किंचाळल्या. “गुरू शांत असतो! हा ताओचा अपमान आहे!”

दोघांनाही जंगलाबाहेर काढलं. त्याआधी बोकडाची दाढी कापून अस्वलाला चिकटवली, कारण संध्याकाळचा खेळ होता.

वेशीपाशी बोकडाने विचारलं, “आजोबा, विधी अर्धाच राहिला का?”

“नाही,” करकोचा म्हणाला. “दोघंही वाटेला लागले.”

आणि मग तोही त्याच्याबरोबर रडला.

तात्पर्य : दुसऱ्याचा धर्म नीट समजून घ्यायचा असेल, तर तो पाळणाऱ्यांना चार हात लांब ठेवावं. ते उगाच घोळ घालतात.