विमान चाखणारा काशादादा

रोज सकाळी विमानाच्या पंखावरून बोट फिरवून ते चाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि त्याच्यापायी माझं रक्त आटलंय.

बोट चाटलं की काशादादा तोंड वाकडं करतो. "खारं हाय!" मग गोड्या पाण्याची बादली, फडकं आणि नाकापासून शेपटापर्यंत पुसणं.

विमान खरं, लढाईतलं. लढाई संपल्यावर मोडीत निघालं, लिलावात मी उचललं. पळस्पे फाट्यावर माझं भंगाराचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात करून मी ते उभं केलं. घासाघिशीत मला आजवर एकाच माणसाने फसवलं, तो हा. "कोंबड्यांच्या खुराड्याला पत्रा पायजे, शेठ," म्हणाला. मी पत्र्याच्या भावात देऊन टाकलं. याने बैलगाड्यांवरून तुकडा तुकडा मिठागराकाठच्या कोठारात नेला आणि पंखांसकट जोडला. कोंबडी आजतागायत एक नाही! पुढे ॲल्युमिनियमचा भाव चढला आणि माझी झोप उडाली.

काशादादाच्या बापाने, आजाने जन्मभर मीठच पिकवलं. हा मात्र मिठाला सापासारखा भितो. खाडीवरून वारा सुटला की दाराच्या फटीत गोणपाटं कोंबत धावतो. "वारा फिरला, शेठ! पत्रा खाऊन टाकंल!" हात धुतल्याशिवाय कुणाला विमानाला शिवू देत नाही. घामही खाराच ना.

खंडेनवमीला लोक कोयते, नांगर पुजतात. त्या दिवशी हा कोठाराची दारं उघडतो, विमानाला झेंडूची माळ घालतो आणि सारा गाव बघायला लोटतो. एकदा एका कोळणीने विमानाच्या नाकावर फोडायला नारळ उगारला. काशादादा मध्ये आडवा पडला.

"आये, थांब! नारलाचं पानी बी खारट!"

"मंग काय पेढा फोडू?" ती कडाडली.

सगळे हसले. हा मात्र घामाघूम.

यंदा मी डाव टाकला. कोठाराची जागाच गुपचूप विकत घेतली आणि त्याला सांगितलं, "खंडेनवमीपर्यंत विमान हलव, नाहीतर मला परत वीक." हलवणार कुठे? काशादादा आठवडाभर जेवला नाही म्हणे. खंडेनवमीची गर्दी पांगल्यावर मी घण-छिन्नीवाले चार गडी घेऊन गेलो. मालक कोण ते दिसावं म्हणून शिडीवरून चढलो आणि थेट वैमानिकाच्या जागेवर बसलो.

काशादादा किंचाळला, "उतरा, शेठ! सही झाली नाय!"

"कसली सही?"

त्याने वही पुढे केली. पानामागून पान. रोजची तारीख, तेल, नळ्या, तारा, बोल्ट, सगळ्यापुढे बरोबरची खूण. खाली सहीची जागा मात्र प्रत्येक पानावर कोरी.

"लढाईत मी फिटर व्हतो. माजी सही झाल्याबिगर इमान उडवनारा सायब बसायचा नाय. येकदा त्याला घाई व्हती, मी बी घाईत सही ठोकली. सायब परत आलाच नाय."

"तुझी चूक होती?"

"त्येच ठावं नाय. रोज शोधतो."

"अरे, पण ते विमान हे नव्हे!"

"जात तीच हाय."

माझं डोकं सणकलं. "इतकी वर्षं पुसतोयस, अजून खात्री नाही? कर सही! मी बसलोय!"

त्याने पेन्सिल घेतली. विमानाभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं, दुसरी मारली. वहीवर पेन्सिल टेकवली आणि एकाच जागी इतकी दाबली की टोक मोडलं.

"उद्या, शेठ. शेपटाचा येक बोल्ट परत बगतो. तुमी उतरा. घरी बायकापोरं हायेत तुमची."

आता हे सांगायला हवं की त्या विमानात इंजिन नाही. काशादादाला विकण्याआधी मीच ते काढून दुसऱ्याला दिलं होतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, वर माझ्याकडे बघत उभा होता. पुन्हा म्हणाला, "उतरा ना."

मी उतरलो. गड्यांना म्हटलं, "बघत काय बसलात? घण उचला आणि घरी चला."

उतरताना मी पंखाला धरलं होतं. तिथे माझ्या घामेजल्या पंजाचा ठसा उमटला होता. काशादादाने तो पाहिला, फडक्याकडे हात नेला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला.

"फडकं आण इकडे," मी ओरडलो.

पुसलं. मग बोट फिरवून चाटलं. अजून खारंच होतं. मी बादली मागितली.