फायलरची मूठ

अजिनाथने बायकोच्या सुजलेल्या अंगठ्याला वर्नियर लावला, तेव्हाच पंकजाने त्याला स्वयंपाकघरातून हाकलून द्यायला हवं होतं.

"अहो, अंगठा दुखतोय म्हनलं मी. मोजा म्हनलं न्हाई!"

"मोजल्याबिगर कळतंय व्हय दुखनं?"

अजिनाथ सुप्याच्या एमआयडीसीत टूलरूमचा फिटर. लोखंडाला कानस मारण्यात त्याची निम्मी हयात गेलेली. पंकजाचं केडगावात, घराच्याच पुढच्या खोलीत पार्लर. नखं घासायचा फायलर म्हणजे आइस्क्रीमच्या काडीएवढा पातळ. तो दिवसभर चिमटीत धरून तिचा अंगठा कामातून गेला होता. आणि शनिवारी होतं मरिया टीचरच्या मुलीचं, प्रार्थनाचं लग्न.

"चर्चमध्ये अंगठी घालताना सगळ्यांचं लक्ष नवरीच्या बोटांवर असतं बरं," टीचरनी बजावलं होतं. "हातापायांची नखं मनासारखी झाली, तर नाताळच्या आधी आमच्या मंडळीतल्या सगळ्या बायका तुझ्याकडं पाठवते. बिघडली, तर तुझं नाव कुणाला सांगायची नाही."

आजवर गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर तगलेल्या पार्लरला अशी नवरी पहिल्यांदाच मिळत होती. पंकजाला अंगठ्यापेक्षा त्याचंच टेन्शन जास्त होतं.

अजिनाथने फायलर उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "ही तर कानस हाय. आन् मूठच न्हाई! बिनमुठीची कानस आमी नवशिक्याच्या पन हातात देत न्हाई. थांब, तुला मूठ करून देतो. हातात हाय का न्हाई कळायचं न्हाई, अशी."

मूठ हातात बसायची तर हाताचा ठसा हवा. परातीत पोळ्यांची कणीक तयारच होती. अजिनाथने न विचारता त्यातला मोठा गोळा तोडला, फायलरच्या बुडाला थापला आणि पंकजापुढे धरला.

"अहो, माझी कनीक!"

"धर मुठीत. अशी न्हाई. तुला कानस धरायचं वळनच न्हाई. अंगठा वर. वर म्हनतोय मी! आमच्या ट्रेनी पोरांना एका फटक्यात कळतंय..."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. पंकजाने दात-ओठ खाऊन तो गोळा असा आवळला, की जणू अजिनाथचं नरडंच हातात आलंय.

"हां! हीच पोजिशन! हलू नगं!" अजिनाथ हरखून ओरडला.

गोळा गच्चीवर वाळला. त्याच्या मापाने अजिनाथने जेवणाच्या सुट्टीत नायलॉनची मूठ घडवली. गुरुवारी ती घेऊन तो चपलांसकट ओल्या फरशीवरून थेट पार्लरात शिरला. "आत्ता पुसलीय ना फरशी! डोळे हायत का बटनं?" म्हणत पंकजाने मूठ हिसकावली. पाचही बोटं आपापल्या खाचेत जाऊन बसली होती. तिने स्वतःचं एक नख घासून पाहिलं. अंगठा दुखला नाही. कौतुक करायचं नाही असं ठरवूनसुद्धा तिच्या तोंडून "बरी झालीय की" निघून गेलं.

आता एवढ्यावर थांबेल तर तो अजिनाथ कसला! त्याने तिचे जुने फायलर कंपनीत नेले, सपाटी बघायच्या सरफेस प्लेटवर ठेवून तपासले आणि सगळे वाकडे निघाले म्हणून भंगारात टाकून दिले. वाकडं हत्यार पेटीत राहू द्यायचं नाही, हा टूलरूमचा नियम. पेटी बायकोची आहे, हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं मोटरसायकलवरून नगरात टीचरच्या घरी पोचली. अजिनाथ ओट्यावर चहा घेत बसला. आत पंकजा अगदी खुशीत होती. टीचरनी तिला खुर्ची दिली, केक दिला, 'मॅडम' म्हटलं. हसतमुखाने तिने प्रार्थनाची करंगळी हातात घेतली, नवी मूठ धरली, आणि मूठ सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा फायलर नखाच्या कोपऱ्यात असा घुसला, की नवरी किंचाळली.

"अहो!" पंकजाची हाक ओट्यापर्यंत गेली. "इकडं या आधी!"

अजिनाथ आत आला. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. खाचा एकीकडे, बोटं दुसरीकडे.

"जुने फायलर द्या माझे," पंकजा दबक्या आवाजात म्हणाली.

"ते... भंगारात गेले."

"भंगारात? मला न इचारता? अहो, दोन तासांवर लग्न आलंय आन् तुमी..."

बोलता बोलता तिची मूठ आवळली गेली. खट्! पाचही बोटं खाचेत. फायलर करंगळीवरून असा सरसर फिरला, की बिघडलेला कोपरा गोल झाला.

"अगं बाई, किती सुबक!" टीचर म्हणाल्या.

पंकजा हसली. मूठ सटकली.

अजिनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माप चुकलं नव्हतं. माप रागाचं घेतलं होतं! दुसरी मूठ करायला वेळ नव्हता. राहता राहिला एकच उपाय, आणि तो त्याला चांगला जमत होता. तो खुर्ची ओढून बायकोशेजारी बसला.

"तुझ्या भावाच्या साखरपुड्याला मला ताप न्हवता आला," तो म्हणाला. "मॅच हुती."

"काय?" खट्! एक हात पुरा झाला.

"आन् ती मोरपंखी साडी... लाँड्रीवाल्यानं न्हाई घालवली. मी गाडीची चैन पुसली तिनं."

"माझ्या आईनं दिल्याली साडी! त्या लाँड्रीवाल्याला मी भर चौकात नाही नाही ते बोलले की ओ!" दुसरा हात पुरा झाला आणि एक पाऊलही उरकलं. मोरपंखी साडीला तेवढा मान होताच.

टीचरना हे सगळं चमत्कारिक वाटत होतं, पण नखं अशी सुबक होत होती की त्या काही बोलेनात. प्रार्थना मात्र रंगून गेली. "मॅडम, माझ्या अँड्र्यूनं पण असलं काही लपवलं असेल का हो?"

"लग्नानंतर इचार," पंकजा फणकारली. "आत्ता पाय हलवू नगं."

आता एकाच पायाची बोटं राहिली होती आणि अजिनाथची पोतडी रिकामी झाली होती. दाराशी गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. पंकजाचा राग ओसरत चालला, मूठ डुगडुगायला लागली. अजिनाथने घाम पुसला आणि मरेपर्यंत लपवायचं ठरवलेलं बाहेर काढलं. टूलरूममध्ये त्याच्या शेजारी रामहरी काम करायचा.

"पंकजा, तुझा डबा मी खात न्हाई. रोज रामहरीसंगं बदलतो. लई वर्सं झाली."

 पंकजा खो खो हसत सुटली. मूठ तिच्या हातातून निसटून पार दिवाणाखाली गेली.

"मला म्हाईत न्हाई व्हय? ज्योतीनं, त्यांच्या बायकोनं, कवाच सांगितलंय! रामहरीभावजींना आवडतंय म्हनून तर रोज दोडका देते. तुमाला आवडती ती शेंगदान्याची आमटी ज्योती करून देती!"

अजिनाथचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं आपण दोन बायकांना फसवतोय, या आनंदावर तो दुपारचं जेवत आला होता. आता मात्र तो खरोखरच चिडला. दिवाणाखालून मूठ काढून तिच्या हातात देत, कसलाही डाव मनात नसताना, तो पोटातलं बोलून गेला:

"काय बी म्हन, ज्योतीवहिनीच्या आमटीची सर तुझ्या आमटीला न्हाईच."

पंकजाचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने मूठ हातात घेतली. खट्! उरलेली पाचही नखं तिने एका दमात घासली, आणि शेवटचं तर असं, की फोटोग्राफरने त्याचाच पहिला फोटो काढला.

निघताना टीचरनी पंकजाचे दोन्ही हात हातात घेतले. "मंडळीतल्या बायका डिसेंबरात येतील. बावीस-पंचवीस तरी धर. पण तेव्हा मिस्टरांना कामावर पाठवू नको, घरीच ठेव हं. त्यांच्याशिवाय तुझा हात चालत नाही."

परतीच्या वाटेवर अजिनाथ मनात हिशेब करत होता. पंचवीस बायका, आणि मनात एकसुद्धा गुन्हा शिल्लक नाही! आजपासूनच साठा करायला हवा होता. पंकजाने मागून खांद्यावर टकटक केली, "अहो, भेळ खाऊया का?" तसा त्याने मुद्दाम भेळेच्या गाडीसमोरून मोटरसायकल जोरात पुढे काढली. मग चोरून आरशात पाहिलं.

पंकजा हसत होती. पदर खोचून ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मला चिडवायचे उगं कष्ट घेऊ नका. डिसेंबरपातूर तुमच्याकडनं आपोआप व्हईल."